बाबांच्या खोलीतला धूर

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते आणि सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. बाणांसकट ही आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे, की आजही डोळे मिटून काढून दाखवीन. आणि त्याच मी, नालासोपारा पश्चिमेच्या माझ्या स्वतःच्या घरात, पश्चिमेच्या भिंतीला धूर बाहेर फेकणारा पंखा बसवून घेतला आणि दुपारी चार वाजता लावला. धूर पंख्यातून अर्धवट बाहेर गेला आणि वळून सगळा माझ्या तोंडावर आला. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने खोकत खोकत विचारलं, "बाई, हा प्रश्न किती मार्कांचा?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

धूर सिगारचा होता आणि ओढणारे माझे वडील होते. बाबांनी उभा जन्म मालवाहू जहाजांवर काढला, इंजिनात तेलपाणी करणारा ऑइलर म्हणून. आई गेल्यावर देवगडकडचं घर बंद करून आम्ही त्यांना इकडे आणलं, तेव्हा ते थोडं विसरायचे. चष्मा, वार, जेवलो की नाही, असलं. वर्षभरात विसरणं सगळ्या घरभर पसरलं. जावयाला विसरले, न्हाणीघर कुठे आहे ते विसरले, आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा मला म्हणाले, "ओ बाई, वायच पाणी देशात काय?" परक्या बाईशी बोलावं तसं, अगदी अदबीनं. मी पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात येऊन गॅसपाशी उभी राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

पुढे आठ महिने मी ओ बाई होते. माणूस कशालाही सरावतो असं म्हणतात, मी नाही सरावले. मला राग यायचा, आजारी माणसावर येऊ नये तितका यायचा. लहानपणी ते वर्षातले दहा महिने समुद्रावर असत आणि दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांतही रोज संध्याकाळी खाडीकडच्या खडपांवर, तिथल्या उघड्या खडकांवर, एकटेच जाऊन बसत. मी मागे लागले तर आई मला धरून ठेवायची. घरी आलेल्या माणसाला घरात का बसवत नाही हे मला कधी कळलं नाही. आता म्हातारपणी पुरते माझ्या घरी आले होते, आणि पुन्हा नव्हतेच. हे मी मोठ्याने कुणाला सांगितलं नाही, पण मनात रोज सांगत होते.

मग त्यांच्या जुन्या ट्रंकेत एक चपटी लाकडी पेटी सापडली. आत चार सिगार, वाळून काटक्या झालेल्या. बाबा सिगार ओढतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. दुबईतल्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, काम आवडलं की कप्तान लोक द्यायचे त्यांना. मला माहीत होतं." मुलाला माहीत, मुलीला नाही. मी पेटी बाबांच्या हातात दिली, नुसती, करमणूक म्हणून. त्यांनी एक सिगार उचलून नाकाखालून फिरवली, टोक दातांनी तोडलं आणि काडेपेटीसाठी हात पुढे केला. ज्या हाताला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, त्या हाताने तीन काड्यांत ती सावकाश गोल फिरवत पेटवली.

मी दारात उभी होते, नाकाला पदर लावून. मला चार वर्षांची असल्यापासून दमा आहे. उदबत्तीचा धूरही मला चालत नाही, सिगार तर लांबच राहिली. बाबांनी दोन झुरके घेतले, धूर सोडला, डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाय, तुझी आवस खंय गेली?"

बाय. मला ते कायम बायच म्हणत आले, गावाकडे मुलीला म्हणतात तसं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, "वाडीत गेली हा, येतली." त्यांनी मान हलवली. परीक्षा कधी म्हणून विचारलं, गाभण म्हशीचं विचारलं. पाच मिनिटं झाली असतील. मग अचानक त्यांचा चेहरा बदलला आणि आवाज चढवून म्हणाले, "भायर जा आता. जा म्हणतंय ना." माझी छाती तोपर्यंत शिट्ट्या मारायला लागली होती, म्हणून गेले. पण लागलं मला ते.

भावाने नव्या सिगारची पेटी पाठवली. रोज चार वाजता एक, असं ठरलं. ते आम्ही ठरवलं नाही, त्यांनीच ठरवलं. जहाजावर त्यांची बारा ते चारची पाळी असायची आणि पाळी सुटली की सिगार. घड्याळ वाचता येत नव्हतं तरी चार वाजता ते मागच्या खोलीतल्या खुर्चीत येऊन बसायचे. आणि रोज तेच घडायचं. सिगार पेटली की मी बाय व्हायचे, पाच मिनिटं बोलणं व्हायचं, मग ते मला हाकलायचे आणि मी धापा टाकत बाहेर यायचे. सिगार मात्र अर्धा तास चालायची. म्हणजे अर्धा तास माझे वडील त्या खोलीत असायचे आणि मी दाराच्या अलीकडे दम्याचा पंप ओढत बसलेली असायचे. मला तो अर्धा तास हवा होता. दुसरं काही नको होतं.

माझ्या छातीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, एक तर सिगार बंद करा, नाहीतर तुम्ही आत पाऊल टाकू नका. आम्ही बंद करून बघितली. तीन दिवस बाबांनी कपाटं उपसली, भाताचं ताट भिंतीवर मारलं आणि चौथ्या दिवशी खुर्चीत बसून नुसते रडले, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. पाचव्या दिवशी मीच काडी पेटवून दिली. तेव्हा मी मनाशी ठरवलं, सिगार राहील आणि मीही राहीन, जायचं तर धुराने जावं.

बोलायला सोपं. आमची मागची खोली म्हणजे दहा बाय दहाची पेटी आहे. तिला पश्चिमेला एक खिडकी आणि पूर्वेला दार, दाराबाहेर पॅसेज, पुढे स्वयंपाकघर. एप्रिल महिना होता. चार वाजता पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापलेली असायची. खिडकी उघडून छताचा पंखा लावला, तर धूर खोली सोडून घरभर फिरायला निघाला. दिवाणाची खोळ, धुतलेले कपडे, मळलेली कणीक, सगळ्याला वास. रविवारी कोळंबीचं कालवण केलं तर नवरा म्हणाला, "आज कोळंबीनेही ओढलेली दिसते." खिडकी बंद करून एसी लावला, तर धूर गारेगार झाला आणि तिथेच बसला. एसी बिचारा तीच हवा घेतो आणि तीच परत देतो, हे मला कळायला आठवडा गेला. जाळी काढून बघितली तर चहाच्या गाळणीसारखी तपकिरी.

मग तो पश्चिमेचा पंखा, ज्याची कथा सुरुवातीलाच सांगितली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, छोटा पड़ रहा है, बड़ा लगाते हैं." मोठा लावला. आता मी हुशारी केली, घरात वास नको म्हणून दार घट्ट बंद केलं आणि दाराखाली चादर खुपसली. पंखा जीव तोडून गरगरला आणि धूर जागचा हलला नाही. बाहेरून हवा आत यायला वाटच नव्हती, तर आतली जाणार कुठून? त्याने मग जिथून मिळाली तिथून ओढली. शेजारच्या न्हाणीघराच्या जाळीतून गटाराचा वास आला, आणि बाबा सिगार बाजूला धरून नाक उडवत म्हणाले, "बिल्जात पाणी भरला हा." जहाजाच्या तळाशी सांडपाणी साचतं त्याला ते बिल्ज म्हणत. वरच्या मजल्यावरच्या बाई येऊन विनवून गेल्या, की तुमचा धूर आमच्या खिडकीत येतो, आमच्याकडे बाळंतीण आहे. मला त्यांच्यासमोर मान वर करता येईना. नवरा बिचारा पेटलेली उदबत्ती घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहायचा, हवा कुठून कुठे जाते ते बघायला, आणि मी दाराबाहेरून त्याला सूचना द्यायचे. आम्हा दोघांना कुणी बघितलं असतं तर घरात पूजा आहे असंच वाटलं असतं. महिना असा गेला. दोनदा मला नेब्युलायझर घ्यायला दवाखान्यात नेलं. मी रडकुंडीला आले होते, आणि सगळ्यात जास्त कशाने, तर ते रोज मला पाच मिनिटांत हाकलायचे त्याने.

रस्ता दाखवला आमच्या मासेवाल्या मावशींनी. त्या वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या, आठवड्यातून दोनदा दारावर येतात. एका सकाळी बोंबील साफ करताना त्यांनी वास घेतला आणि काय भानगड म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"बाय, तू मास्तरीन ना? दुपारचा वारा दर्यावरशी येतो. तू त्याच्या तोंडावर धूर सोडतंस, मंग तो घरान नाय येनार तं कुठं जानार? सकाली वढाया दे त्याला. सकालचा वारा भायेर जातो."

फळ्यावरची आकृती माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, बाणांसकट. लाज वाटली, पण हायसंही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि सिगार हातात दिली. त्यांनी ती खिशात ठेवली. पेटवून दिली तर विझवली. "पाळी सुटूंदे," म्हणाले, आणि चार वाजेपर्यंत छातीवरच्या खिशावर हात ठेवून बसून राहिले. बाप माझाच, हट्ट कुणाकडून आला ते कळलं.

मावशींना पुढच्या खेपेला हे सांगितलं तर त्या हसल्या. "मंग वाऱ्याला घेऊन चाल. डास मारायला आमी धूर करतो तवा वाऱ्याकडं पाठ करून बसतो. धूर म्होरं जातो, आपन मागं. तुजा पंखा मागल्या बाजूला लाव."

इतकं सोपं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून वारा आत येऊ द्यायचा, खिडकीपाशी मी, माझ्यासमोर बाबा, आणि त्यांच्या पाठीमागे पूर्वेला पंखा. पण पूर्वेला आमचं घर होतं. म्हणून वसई पूर्वेच्या एका गाळ्यातून पत्र्याचं काम करणारा आला. त्याने दाराच्या वर भिंतीला भोक पाडून कारखान्यात वापरतात तसला भक्कम पंखा बसवला, आणि तिथून पत्र्याचा जाड पाइप पॅसेजच्या छताखालून स्वयंपाकघर ओलांडून थेट पूर्वेच्या ड्राय बाल्कनीबाहेर काढला. तिकडे समोर इमारत नाही, मोकळं मैदान आहे. घराची पार रया गेली. जेवताना डोक्यावर पाइप. नवऱ्याने पाइपाला उदबत्ती ओवाळली.

चार वाजले. मी खिडकी चार बोटं उघडली आणि तिला पाठ करून स्टुलावर बसले. बाबा समोर खुर्चीत, काडी पेटली, मी भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा घरघरला, मग त्याचा सूर लागला. पत्र्याचा पाइप थरथरायला लागला, भिंत थरथरली, पायाखालची फरशीसुद्धा. गरम खारा वारा माझ्या मानेवरून पुढे गेला आणि बाबांच्या तोंडातून निघालेला धूर मागे वळून, एका ओळीत, पंख्यात शिरला. माझ्याकडे एक धागासुद्धा आला नाही. मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. छाती गप्प होती. हातात तयार ठेवलेला पंप मी मांडीवर ठेवला आणि आनंदाने मला रडू आलं.

बाबांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते. ते उठून उभे राहिले, सिगारचा हात खाली घेतला आणि म्हणाले, "सलाम साब. सब ठीक है साब. टेंपरेचर नॉर्मल."

मला वाटलं, आजच्यापुरतं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांचा हात धरून म्हटलं, "बाबा, मी बाय." ते घाबरले. साहेब आपली थट्टा करतो आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण ते कसंनुसं हसले आणि हात हळूच सोडवून घेतला. पंख्याचा घरघराट, थरथरणारी जमीन, गरम वारा. ते इंजिनात होते. मी महिनाभर मर मर मरून माझ्या बापाला परत जहाजावर पाठवलं होतं, आणि जहाजावर मुली नसतात.

आता अर्धा तास माझा होता आणि मी कुणीच नव्हते. तरीही मी बसत होते. काय करणार? ओ बाईपेक्षा साब बरा, निदान साबशी ते बोलायचे. कुठल्या बंदरात काय झालं, कुठला पंप कसा बिघडला. एका दुपारी, काहीतरी बोलायचं म्हणून, मी त्यांच्याच हिंदीत विचारलं, "घर में भी सिगार पीते हो क्या?"

"ना साब," त्यांनी जीभ चावली. "घर में कब्भी नहीं. मेरी छोटी को दमा है. धुआँ लगा तो नीली पड़ती है. एक बार पड़ी थी, मेरे हाथ में. तब से छुट्टी में जाता तो खडपावर बैठ के पीता, फिर मुँह धोके, कपड़ा बदलके घर आता." त्यांनी राख झटकली. "वो गुस्सा होती है मेरे पे. बाप घर में नहीं बैठता, बोलती है. बोलने दो. उसको बताने का नहीं, साब. बच्ची है, अपने को दोष देगी."

मी साब होते, म्हणून मान हलवली. सिगार संपेपर्यंत बसले. मग आमच्या बेडरूममध्ये जाऊन उशीत तोंड खुपसलं. नवरा आला आणि पाठीवर हात ठेवून बसला. साठी उलटलेली बाई मी, आणि खडपावरून उशिरा येणाऱ्या बापावर रुसून न जेवता झोपलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी मला एका वेळी आठवल्या. मला त्यांना सांगायचं होतं की मला कळलं आता. पण सांगायला ते घरी कुठे होते?

चार दिवसांनी सिगार अर्धी झाली असताना लाईट गेले. आमच्याकडे जातातच. पंखा मंदावला, पाइपाची थरथर थांबली आणि खोलीत एकदम शांतता झाली. बाबांनी कान टवकारले. इंजिन बंद म्हणजे जहाज बंदराला लागलं, असंच काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार. वाऱ्याने धूर मागे जात होता, पण ओढणारं कुणी नसल्यामुळे दारावर आपटून परत फिरला आणि माझ्यापर्यंत आला. मला खोकला आला. बाबांची मान झटकन वळली.

"बाय? तू हय कित्याक बसलंस?" त्यांनी सिगार पाठीमागे लपवली, चोरी पकडल्यासारखी. "भायर जा. हय धूर आसा, तुका धाप लागतली. जा म्हणतंय ना."

तोच चढा आवाज, तोच बदललेला चेहरा. पहिल्या दिवसापासून मी ज्याला हाकलणं समजत होते तेच. मी म्हटलं, "बाबा, माका कळला. खडपावर कित्याक जायचात ता." त्यांना ते ऐकायला सवड नव्हती. त्यांनी माझा दंड धरला, मला उठवलं, दारापर्यंत आणलं आणि बाहेर करून दार लावून घेतलं. ज्यांना बटण लावता येत नव्हतं त्यांनी कडी बरोबर लावली.

या गोष्टीला आता चार-पाच महिने झाले. रोज चार वाजता मी खिडकीला पाठ करून बसते. वीसेक मिनिटं साब असते, मग हात लांब करून पंख्याचं बटण बंद करते. सुरुवातीला इंजिन थांबल्याबरोबर ते घरी यायचे. हल्ली तेवढ्याने येत नाहीत. पंखा थांबला तरी समोर बघत बसतात, एकदा विचारलं, "साब, कौनसा पोर्ट आया?" माझ्या खोकल्याशिवाय त्यांना मी सापडत नाही. म्हणून सिगारआधी खबरदारीचा, साडेतीनला घ्यायचा पंप मी घेत नाही, मागाहून घेते. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. नवऱ्याला कळलं तेव्हा तो लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "बापाने ओळखावं म्हणून मरणार आहेस का तू?" आता तो चार वाजता पॅसेजमध्ये, पाइपाखाली, नेब्युलायझर मांडीवर घेऊन बसतो, आणि त्याच्याकडे बघायचं धाडस मला होत नाही. हे बरोबर नाही हे मला कळतं. डोकं ठिकाणावर असलेली बाई हे करणार नाही हेही कळतं.

तरी मी बटण बंद करते आणि खोकला यायची वाट बघत बसते. धूर दारावर आपटतो, वळतो, सावकाश माझ्याकडे येतो. घशात खवखवतं, छातीत पहिली शिट्टी वाजते, आणि मी खोकते. बाबा मान वळवतात. सिगार पाठीमागे जाते. "बाय," ते म्हणतात, आणि लगेच मला उठवून बाहेर काढतात, दार लावतात, कडी घालतात. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

मग आतून त्यांचा आवाज येतो, "बाय, गेलंस मा भायर?"

"होय बाबा, गेलंय," मी म्हणते, आणि दाराला टेकून उभी राहते.